दोन चाकं की तीन

बोरवाडीच्या तानुबाईला बैलगाडीतून पडून आठ महिने झाले होते. ताडकळसच्या बाजारातून येताना गाडीचं चाक दगडावर चढलं, ती मागच्या बाजूने खाली आली आणि कंबर दुखावली ती दुखावलीच. परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाड मोडलेलं नाही. पण ताठ बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि बैलगाडीचं तर नावही काढायचं नाही. काठी टेकत ती घरापासून चावडीपर्यंत जायची. त्यापुढे गेली की कमरेत अशी कळ उठायची की जागच्या जागी उभं राहावं लागायचं.

दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. पण तानुबाई सुईण होती. बोरवाडी आणि आसपासच्या सहा वाड्यांमधली गेल्या वीस वर्षांतली बहुतेक पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. निजामाचं राज्य गेल्यावर दवाखान्यात महिनाभर राहून ती नवं शिकूनही आली होती. उकळलेली कात्री, साबण, दोरा अशी तिची एक पत्र्याची पेटी होती. बायका दुसऱ्या कुणाचं नाव घेईनात. मग लोकांनीच तोड काढली. निरोप आला की चार गडी यायचे, तानुबाईला बाजेवर निजवायचे, बाज खांद्यावर घ्यायचे आणि चालू लागायचे.

हे तीनदा झालं. तिसऱ्या वेळी वाटेत एक अनोळखी म्हातारा भेटला. खांद्यावरची बाज बघून तो बाजूला झाला, पागोटं काढलं, हात जोडले आणि म्हणाला, "सुटली बिचारी."

बाजेवरून मान वर करून तानुबाईने विचारलं, "कोण सुटली, बाबा?"

म्हातारा पागोटं तिथंच टाकून ज्वारीत घुसला. चारही गडी इतके हसले की बाज खाली ठेवावी लागली. तानुबाईही हसली. पण घरी आल्यावर तिने निक्षून सांगितलं, "आता मी अशी जानार न्हाई. जित्या माणसानं चौघांच्या खांद्यावरून हिंडावं का?"

त्यानंतर दोन बाळंतपणं तिच्यावाचून झाली. दोन्ही सुखरूप झाली, तरी दोन्ही दिवस तिने भाकरीचा तुकडा मोडला नाही.

तिचा धाकटा भाऊ आसाराम पूर्णेला रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होता. दर रविवारी तो सायकलवर बहिणीला भेटायला यायचा. दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी तो आला तेव्हा तानुबाई ओसरीत बाजेवर होती. पाठीमागे वाकळांची चळत, तिच्यावर ती रेललेली. शेजारच्या छबूबाईचं तान्हं पाळण्यात होतं, पाळण्याची दोरी तानुबाईच्या पायाला बांधलेली आणि पाय सारखा पुढं-मागं चाललेला.

"किती येळ झाला झोका देऊन?" आसारामने विचारलं.

"छबू रानात गेल्यापासून. कामून?"

"पाय दुखत न्हाईत?"

"पायाला काय झालंय? पाय चांगले हायेत माझे. रेलून पडलं की कंबर बी गप ऱ्हाती. उठून बसलं की बोंबलती."

आसाराम बराच वेळ तिच्या पायाकडे बघत राहिला. त्याच्या क्वार्टरमध्ये एक लोखंडी पेटी होती आणि तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दोन वर्षांपासून एक कागद चिकटवलेला होता. रेल्वेच्या क्लबातल्या रद्दीतून आणलेलं विलायती मासिकाचं पान. त्यावर चार फोटो होते. चारही फोटोंत माणसं सायकल चालवत होती, पण बसून नव्हे. आरामखुर्चीत रेलावं तशी रेलून, पाय समोर लांब करून. खाली काय लिहिलंय ते आसारामला वाचता येत नव्हतं. गंमत म्हणून त्याने ते पान ठेवलं होतं. आता ती गंमत राहिली नाही.

सोमवारी पाळी संपल्यावर तो पान घेऊन स्टेशनाजवळच्या गफूरमिस्त्रीच्या सायकल दुकानात गेला. गफूरमिस्त्रीचं वय साठीचं, हात काळे, दाढी पांढरी. सायकलच्या बाबतीत पूर्णेत त्याच्यापुढे कुणी तोंड उघडत नसे. त्याने चष्मा पुसून चारही फोटो बघितले.

"ही बनवणारी माणसं लय आळशी हायेत," तो म्हणाला. "पण डोकं हाय."

आसारामने बहिणीची सगळी हकिकत सांगितली. मिस्त्रीने फोटोंवर बोट ठेवायला सुरुवात केली. पहिल्या सायकलीचं पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे होतं आणि चालवणाऱ्याचे पाय त्याच्या छातीइतके वर. "ही आखूड गाडी बाद. बाईमाणसाचे पाय असे वर? तोबा. गावात नाक कापलं जाईल." दुसरीत माणूस जवळजवळ सपाट उताणा निजला होता, ती दोघांनीही सोडून दिली. राहिल्या दोन. दोन्ही लांब, पुढचं चाक लांब पुढे, पायडल त्याच्या मागे, त्यामुळे पाय खालीच. फरक एवढाच, की एकीला दोन चाकं होती आणि दुसरीला तीन.

"दोन चाकी," आसाराम म्हणाला.

"तीन चाकी," मिस्त्री त्याच वेळी म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"मिस्त्री, आमच्या वाटा कशा हायेत ठावं हाय का? एका चाकाला जागा असंल तर असंल."

"आन् तुझी आक्का थांबल तवा पाय कुठं टेकवल? कंबर धड न्हाई, गाडी कलंडली तर दुसऱ्यांदा तिचं काय मोडायचं ते तू सांग."

तास गेला तरी मिटेना. शेवटी मिस्त्रीने मोडक्या सायकलींच्या ढिगाकडे हात केला. "माल इथं पडलाय. तू तुझी बनव, मी माझी बनवतो. बाईला जी पसंत पडल ती खरी."

महिनाभर दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी भाता चालू असायचा. नळ्या कापायच्या, पितळेचा डाग देऊन जोडायच्या, तीन-तीन चेन जोडून एक लांब चेन करायची. रेलायची बैठक मात्र दोघांनी एकसारखीच केली: लोखंडी चौकट आणि तिच्यावर बाजेसारखी विणलेली सुतळी, म्हणजे दचके कमरेपर्यंत जाणार नाहीत. आसारामने हँडल बैठकीच्या खाली घेतलं. हात मांडीशेजारी खाली सोडले की मुठी हातात येत. मिस्त्रीने नेहमीचंच हँडल लांब करून पोटापर्यंत मागे आणलं. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं दोन्ही सांगाडे बघून विचारायची, "हे काय बनवायलेत मिस्त्री?" मिस्त्री म्हणायचा, "माझी तीन चाकी, अन् ते पोराचं खेळणं."

दिवाळीनंतर महिन्याभराने एका रविवारी दोन्ही गाड्या एका ओळखीच्या बैलगाडीत घालून बोरवाडीत आणल्या. चावडीपुढे सगळा गाव जमला. तानुबाई काठी टेकत आली आणि दोन्हींकडे बघत उभी राहिली.

"हे माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठीच, आक्का," आसाराम म्हणाला. "बस, हिच्यावर."

"आधी हिच्यावर बसा बाई," मिस्त्री म्हणाला. "कंबर हाय, खेळ न्हाई."

तिने मिस्त्रीच्या वयाचा मान राखला. कासोटा घट्ट केला, लांब हँडल बाजूला वळवून कशीबशी आत शिरली आणि मागे रेलली. कळ आली नाही. तिने पायडल मारलं. गाडी पुढे सरकली. चावडीला एक फेरी मारून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा असा फुलला होता की छबूबाईने तोंडाला पदर लावला. मिस्त्री दाढीवरून हात फिरवत होता. पण तानुबाई घराकडच्या बोळात वळली आणि गाडी बोळाच्या तोंडाशीच अडकली. मागची दोन चाकं एकमेकांपासून चांगली तीन हात लांब होती.

मग आसारामची गाडी. ही बोळात सहज गेली, बोळातून बाहेर आली, वेगाने गेली. मात्र आसाराम सगळा वेळ बैठक धरून शेजारून पळत होता. त्याने हात काढला तेव्हा गाडी दहा पावलं गेली आणि शेणाच्या ढिगावर जाऊन निवांत आडवी झाली. तानुबाईला काही लागलं नाही. तिने शेण झटकलं आणि म्हणाली, "परत."

गावात लगेच दोन तट पडले. म्हातारी माणसं तीन चाकांची, तरणी पोरं दोन चाकांची. संध्याकाळपर्यंत वाद पेटला. तानुबाईला कुणी विचारलं नाही. शेवटी तिनेच काठी आपटली. "दोन्ही गाड्या हितं ऱ्हाऊ द्या. मला आठ दिस द्या. मंग सांगते."

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच रिकाम्या खळ्यावर जाऊ लागली. दोन चाकी गाडीवर एकटीने चढायचं, एका पायाने जमीन ढकलायची आणि दुसरा पाय पायडलवर ठेवायचा, हे तिने मंगळवारपर्यंत साधलं. सुटली की गाडी झकास चालायची. थांबणं मात्र जमेना. वेग कमी झाला की गाडी डुलायला लागायची, आणि मग कुणीतरी धरलं तरच सुटका. नाहीतर ती कडब्याच्या गंजीच्या बाजूने थांबायची, म्हणजे गंजीवर कलंडता यायचं.

बुधवारी दुपारी मल्हारी धावत आला. मल्हारी धनगर होता. ओढ्यापलीकडच्या रानात त्याचा वाडा उतरला होता, म्हणजे दीडशे मेंढरं, दोन पालं आणि तीन कुत्री. त्याची बायको केवळाबाई पहिलटकरीण होती.

"माय, केवळाला सकाळधरनं कळा यायल्यात. लय घाबरलीय ती. आई म्हनली, तानुमायला आण. चौघं गडी गोळा करू का?"

"गडी नगंत," तानुबाई म्हणाली. "माझी पेटी घे."

दारात दोन्ही गाड्या उभ्या होत्या. तिने क्षणभर तीन चाकीवर हात ठेवला. पण ओढ्याच्या बांधावरची वाट तिला पाठ होती; एकीकडे पाणी, एकीकडे बाभळी. तीन हातांची गाडी तिथून जाणं शक्य नव्हतं. तिने दोन चाकी ओढली. मल्हारीने पेटी डोक्यावर आणि तिची काठी हातात घेतली आणि ही काय वस्तू आहे ते कळायच्या आत त्याला तिच्यामागून पळावं लागलं.

पांदणीतून गाडी सुसाट निघाली. बांधावर तानुबाईने श्वास रोखून नजर फक्त पुढच्या चाकावर ठेवली. बाभळीच्या एका फांदीने पदर ओढला, फाटला, तिने बघितलंही नाही. बांध संपला आणि पुढे उतार लागला. उताराच्या खाली मल्हारीचा वाडा. कुत्र्यांनी आयुष्यात निजून येणारं माणूस पाहिलं नव्हतं. तिन्ही भुंकत अंगावर आली.

"माय, थांब!" मागून मल्हारी ओरडला.

"थांबता येत न्हाई रं!" तानुबाई ओरडली.

गाडी सरळ मेंढरांत शिरली. मेंढरं दोन्ही बाजूंनी उधळली, पण सगळीच वेळेवर उधळली नाहीत. तानुबाई दोन जाडजूड मेंढ्यांच्या मधोमध लोकरीवर अलगद आडवी झाली. त्यातली एक उठून तिच्या तोंडाकडे बघत ओरडली.

पालाच्या तोंडाशी मल्हारीची आई कोंडाबाई उभी होती. तिच्या खांद्याला धरून उभी असलेली केवळाबाई सकाळपासून रडत होती. तिने हे सगळं बघितलं आणि खुदकन हसली. मग तिला हसू आवरेना. हसता हसता कळ आली, कळ गेली, तरी ती हसतच होती.

"हास, पोरी," मेंढरांतून उठत तानुबाई म्हणाली. "हासल्यानं अंग सैल पडतं. कोंडाबाई, पानी उकळायला ठेवा. आन् मला टेकायला चार घोंगड्या रचा."

तिने साबणाने कोपरापर्यंत हात तीन वेळा धुतले. घोंगड्यांना टेकून तिने केवळाबाईचं पोट तपासलं. बाळ सरळ होतं, सगळं नीट होतं. पोरगी नुसती भेदरली होती. पुढचे दोन तास तानुबाई तिच्याशी बोलत राहिली. कधी दम दिला, कधी गोंजारलं, कधी त्या पागोटं टाकून पळालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली. दिवस मावळायच्या आधी पालातून बाळाचं रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती.

कोंडाबाईने तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. "तानुबाई, तुमी आलात म्हनून पोरीला धीर आला."

तानुबाईने गूळ तोंडात टाकला. कितीतरी दिवसांनी तिने पुन्हा कुणाचं तरी पहिलं रडणं ऐकलं होतं.

परत येताना ती गाडीवर बसली नाही. मल्हारीने गाडी ढकलत नेली आणि ती थांबत थांबत काठीवर चालत आली. अर्ध्या वाटेत कंबर ओरडायला लागली, तरी तिने घाई केली नाही. बांधाच्या सगळ्यात अरुंद जागी उभी राहून तिने काठी आडवी धरली आणि नखाने काठीवर खूण केली.

बातमी पूर्णेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. रविवारी आसाराम आला तो छाती पुढे काढून. बरोबर गफूरमिस्त्री होता, जरा पडलेल्या तोंडाने.

"ऐकलं न्हवं, मिस्त्री? दोन चाकीच गेली. लागली का न्हाई कामाला?"

"लागली बाबा, लागली," मिस्त्री म्हणाला. "बाई, माझी गाडी मी परत नेतो."

"नेऊ नगा," तानुबाई म्हणाली. "मला तीन चाकी पायजे."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले.

"आक्का, त्या दिशी तर..."

"त्या दिशी तुझी गाडी पोचली, आसाराम. तिनं मला येळेवर नेलं, तिचे उपकार मी इसरनार न्हाई. पण थांबायला मला मेंढरं लागली. रोज कुठून आनू मेंढरं?" ती हसली, मग तिचा आवाज खाली आला. "बाज नगं म्हनले, ते चौघांनी उचलू ने म्हनून. तुझ्या गाडीवर बसले तर दर टायमाला कुनीतरी धराया पायजे. चार गेले आन् एक ऱ्हायला, एवढंच. मला एक बी नगं. मला जवा वाटंल तवा थांबायचंय, टेकायचंय, आन् कुनाला हाक न मारता फिरून निघायचंय."

आसारामने मान खाली घातली. ती मिस्त्रीकडे वळली.

"पन मिस्त्री, तुमची गाडी हाय तशी कामाची न्हाई. ही काठी बघा. हितपातुर बांधाची वाट हाय. चाकं याच्या आत बसवा."

मिस्त्रीने काठी हातात घेतली, खुणेपर्यंत वीत मोजली आणि मान हलवली. "दोन हाताच्या आत? इतकं जवळ घेतलं तर वळणावर उलटल, बाई. न्हाई जमनार."

"जमतंय," आसाराम खाली बघतच म्हणाला. "बैठक खाली घेतली तर न्हाई उलटायची. जमिनीपासून वीतभर उंचीवर आना. वजन खाली आलं की गाडी दाबून बसती."

मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं. "खाली बसल्यावर माझं हँडल पोटात रुतल."

"मंग माझं लावा. बैठकीच्या खालचं. पुढची बाजू मोकळी ऱ्हाती, आक्काला चढाया-उतराया बी सोपं."

"तुझं हँडल," मिस्त्री सावकाश म्हणाला, "चांगलं हाय. मी त्या दिशीच बघितलं हुतं. बोललो न्हाई."

त्याच संध्याकाळी दोघं दोन्ही गाड्या घेऊन पूर्णेला परतले. आठवडाभर शेडमधला भाता पुन्हा पेटला, पण आता एकाच गाडीसाठी. मिस्त्रीने मागचा दांडा कापून आखूड केला, आसारामने बैठक खाली उतरवली. मागच्या चाकांना मिस्त्रीने दोन ब्रेक बसवले आणि आसाराम म्हणाला एक पुरे, तेव्हा त्याने सांगितलं, "तू मेंढ्याला जाऊन इचार." बैठकीच्या मागे पेटीसाठी पत्र्याचा कप्पा झाला. शनिवारी गाडी बोरवाडीत आली. तानुबाईने दिवसभर ती बोळातून, चावडीपुढून, पांदणीतून फिरवली. वळणावर गाडी दाबून बसली. संध्याकाळी उतरल्यावर तिने फक्त एवढंच सांगितलं, "सुतळी जरा सैल पडलीय, ताणून द्या."

दुसरा दिवस रविवारचा, केवळाबाईच्या लेकीच्या बारशाचा. मल्हारीने आसारामला आणि गफूरमिस्त्रीलाही आवतण दिलं होतं. ते दोघं आणि छबूबाई चालत पुढे गेले. तानुबाई म्हणाली, "मी मागून येते. माझी वाट बघू नगा."

वाड्यावर पालापुढे बायका जमल्या होत्या. झोळीत बाळ झोपलेलं. आसाराम मात्र उताराकडे तोंड करून उभा होता आणि मिस्त्री त्याच्या शेजारी तस्बीचे मणी ओढत होता. बांधाच्या टोकाला ती दिसली. नवं हिरवं लुगडं, बैठकीशेजारी काठी, मागे कप्प्यात पेटी आणि पेटीवर बाळासाठी शिवलेलं टोपडं. ती उतारावर वळली. कुत्री भुंकत निघाली. मल्हारीने मेंढरं बाजूला हाकायला सुरुवात केली आणि तिला धरायला पुढे धावला.

"लांब ऱ्हा रं!" तानुबाई ओरडली.

तिने दोन्ही ब्रेक दाबले. गाडी पालापासून पाच पावलांवर येऊन गप उभी राहिली. तानुबाई उतरली नाही. ती तशीच रेलून बसून राहिली, दम घेतला, पदराने कपाळ पुसलं, भुंकणाऱ्या कुत्र्याला दटावलं. कुणी जवळ गेलं नाही. मग तिला वाटलं तेव्हा तिने काठी टेकली, उठली आणि झोळीकडे जात विचारलं, "नाव काय ठेवायलेत पोरीचं?"